पोर्ट्रेटमधला हेडस्कार्फ: खऱ्या कापडाचा फोटो की जनरेटिव्ह फिल?

(फोटो-एडिटिंगवरची चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उरेब
पोर्ट्रेटमध्ये स्कार्फ घालायचा किंवा असलेला बदलायचा म्हटलं की हल्ली केसांभोवती सिलेक्शन करून फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल (निवडलेल्या भागात एआयने नवं चित्र भरणारं साधन) चालवतात आणि मोकळे होतात. माझा याला विरोध आहे. कापड आपल्या नियमाने पडतं आणि यंत्राने रचलेलं कापड तो नियम वारंवार मोडतं. चौकोनी रुमालाची त्रिकोणी घडी घातली की कपाळावर कर्णाची कड येते, म्हणजे तिथे कापड उरेब, विणीला तिरकं, असतं. चौकडा किंवा पट्टे कपाळाच्या कडेशी ४५ अंशांत जायला हवेत, तर तयार केलेल्या स्कार्फात ते सर्रास भुवयांना समांतर धावतात. चुणी कानापाशी निघते आणि गालावर विरते. तिला ताणणारी गाठ किंवा पिन कुठेच नसते.

त्यापेक्षा स्कार्फ खऱ्या डोक्यावर किंवा पुतळ्यावर बांधून फोटो काढा. डोक्याचा कोन, कॅमेऱ्याचं अंतर आणि उजेडाची दिशा एवढं जुळलं पाहिजे. दिशा कळते डोळ्यांतल्या चमकबिंदूंवरून आणि नाकाच्या सावलीवरून. उजेड उलट बाजूचा असेल तर फोटो आडवा फ्लिप करता येतो, पण कापडावर अक्षरं असतील तर तीही उलटतात. मग पेन टूलने कापा, कड १-२ पिक्सेल आत घ्या (नाहीतर जुन्या पार्श्वभूमीची रेघ राहते), स्मार्ट ऑब्जेक्ट करा (म्हणजे कितीही ओढलं तरी मूळ चित्र शाबूत राहतं), वॉर्पने (चित्र ओढून वाकवणारं साधन) मोठा आकार आणि पपेट वॉर्पने (टाचण्या लावून हवा तेवढाच भाग ओढणारं) कपाळाची कड बसवा.

थरावर थर
निदान बरोबर आहे, उपाय पटत नाही. हनुवटी खाली आणि मान थोडी वळलेली असली की हुबेहूब त्या कोनातला दुसरा फोटो मिळत नाही. मग वॉर्पने ओढाताण होते आणि वीण एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. मेंदी रंगाच्या साध्या जर्सी कापडात ते खपेल, चौकड्यात नाही.

जनरेटिव्ह फिलकडून फक्त आकार आणि चुण्या घ्याव्यात. स्कार्फ साधा, फिका राखाडी, बिनचमकीचा मागा. सिलेक्शनमध्ये चेहऱ्याची कड १०-२० पिक्सेल येऊ द्या, भुवया अजिबात नको. त्या एकदा बदलल्या की माणूसच बदलतो. मिळालेल्या स्कार्फाची कृष्णधवल प्रत करा. ३००० पिक्सेल रुंदीच्या फोटोला ३-५ पिक्सेल गॉशियन ब्लर देऊन (थोडी धूसर करून) वेगळी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून साठवा. हा झाला नकाशा. आता हव्या त्या नक्षीच्या सपाट कापडाचा लेयर वर ठेवा आणि त्यावर हा नकाशा देऊन डिस्प्लेस फिल्टर (नकाशाच्या उजेड-गडदपणानुसार पिक्सेल सरकवणारा) चालवा, आडवं आणि उभं मूल्य ८ ते १२. नकाशातला १२८ चा (० काळा, २५५ पांढरा, त्यातला मधला) राखाडी भाग जागचा हलत नाही, त्याहून उजळ भाग एका दिशेला आणि गडद भाग विरुद्ध दिशेला सरकतो. ब्लर विसरलात तर फोटोचा प्रत्येक दाणा कापड फाडतो. नकाशाचं माप फाइलइतकंच ठेवा, नाहीतर चुणी एकीकडे आणि नक्षीचं वळण दुसरीकडे.

कापड एकसंध पसरू नका. कपाळपट्टी, गालाची बाजू आणि मानेचा वेढा असे तीन तुकडे करून प्रत्येकाची वीण वेगळी फिरवा. तुमचा उरेब तिथेच साधतो. वर राखाडी प्रत मल्टिप्लायमध्ये (खालचा थर गडद करणारा मोड) ठेवा, पण आधी लेव्हल्सने तिचे उजळ भाग पांढऱ्यापर्यंत न्या. तसंच ठेवलं तर अख्खं कापड मळकट दिसतं.

उरेब
डिस्प्लेस पिक्सेल सरकवतो, कापड दुमडत नाही. खोल चुणीत नक्षीचा काही भाग आत दडतो आणि पलीकडे मधलं काहीतरी वगळून पुढचं दिसतं. तुमच्या पद्धतीत फूल चुणीवरून सलग वाहत जातं. शिवाय साटीनला हे लागू नाही. त्याची चमक रुंद असते आणि चुणीच्या धारेवर एकदम तुटते. राखाडी बिनचमकीच्या चुण्यांवरून ती मिळणार नाही.

थरावर थर
साटीनचं मान्य. तिथे फोटोच हवा. खोल चुणीवर मात्र इलाज आहे: चुणीच्या रेषेवर मास्क करून (एका बाजूचा भाग झाकून) पलीकडच्या कापडाची प्रत ३०-४० पिक्सेल सरकवायची. चेहऱ्याजवळच्या चार-पाच चुण्यांना केलं तरी नजर फसते.

सावली-उजेड
दोघंही कापडातच गुंतलात. चिकटवलेलं आहे हे कातडीवर कळतं. कपाळाच्या कडेखाली दोन सावल्या लागतात: एक ३-६ पिक्सेलची, गडद, कडेला चिकटून, दुसरी ३०-५० पिक्सेलची, पसरट, १५-२० टक्के ओपॅसिटीची (अपारदर्शकतेची). दोन्हींत काळा रंग वापरू नका. त्याच चेहऱ्यावर नाकाखालची सावली असते, रंग तिथून उचला. तो तांबूस तपकिरी निघतो. उजेडाच्या बाजूला ही सावली जवळपास नाहीशी होते, आणि लोक ती सगळीकडे सारखी फिरवतात.

रंगबदल सोपा समजला जातो, तो सर्वांत फसवा. पांढरा स्कार्फ हनुवटीखाली आणि जबड्यावर उजेड परतवतो. तो कर्व्ह्जने (उजेड-गडदपणा बदलणारं साधन) काळा केलात तर गळ्यावरचा तो उजेड तसाच उरतो. त्यामुळे हनुवटीचा खालचा भागही उतरवावा लागतो. लाल स्कार्फ असेल तर गालाच्या कडेला कलर मोडमध्ये (उजेड तसाच ठेवून फक्त रंग चढवणारा) ५-८ टक्के लाली हवी. काळ्याचा पांढरा करायला तर जाऊच नका. सावलीत तपशील नसतोच, ताणला की नुसते दाणे वर येतात.

आणि डोकं लहान करू नका. कापडाखाली केस असतात, म्हणून बाहेरची रेषा कवटीपासून बरीच दूर जाते. केसांवर नुसतं कापड चढवून भागत नाही. आधी बाहेर डोकावणारे केस पुसून मागची पार्श्वभूमी भरून घ्या.

मूळ प्रत
यंत्र की फोटो याच्या आधी एक प्रश्न येतो. असलेल्या स्कार्फाचा रंग किंवा नक्षी बदलणं हे कपड्याचं काम आहे. उघड्या डोक्यावर स्कार्फ चढवणं किंवा असलेला काढणं म्हणजे त्या व्यक्तीने स्वतःला कसं दाखवायचं ठरवलं, त्यात हात घालणं. तिची स्पष्ट परवानगी नसेल तर हे काम घेऊच नये. काढण्यात तर केस, कान, मान सगळं कल्पनेने भरलेलं असतं. पासपोर्टसारख्या ओळखपत्राच्या फोटोत हे चालत नाही. धार्मिक कारणाने स्कार्फ घालून फोटो देता येतो, पण तो खरोखर घातलेला, आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसणारा.

थरावर थर
परवानगी हवीच. पण स्कार्फ घालणं आणि काढणं एका मापाने मोजू नका. आजारात केस गेलेली व्यक्ती जुन्या फोटोत स्कार्फ घालून मागते, तेव्हा निर्णय तिचाच असतो.

मूळ प्रत
ती स्वतः मागत असेल तर माझी हरकत नाही. कुटुंबातलं दुसरं कुणी तिच्या वतीने मागत असेल तर आहे.

उरेब
काढण्याबद्दल मी मूळ प्रतशी सहमत. आकाराबद्दल माझं मत कायम आहे, पण सावली-उजेड यांचा मुद्दा खऱ्या फोटोलाही तितकाच लागू, हे माझ्याकडून सुटलं होतं. त्यात शिफॉनची भर घालतो: एकेरी थरातून केस दिसतात, दुहेरीतून जेमतेम. मास्कमध्ये एकेरीची ओपॅसिटी ६०-७० टक्के आणि दुहेरीची ९० च्या आसपास ठेवा, आणि दोन थर जिथे मिळतात ती रेषा कापडाच्या काठासारखी स्पष्ट ठेवा, ब्लर करू नका.