उत्तर: '*.एक्सएलएस' मागितलं तरी एक्सएलएसएक्स का येतं?

वाशी-ऐरोली शाखांच्या फोल्डरमधून फक्त .एक्सएलएस (जुन्या एक्सेल) फायली हव्यात, पण .एक्सएलएसएक्सही (नव्या एक्सेलच्या) येतात, असं विचारलंय. तुमचा '*.एक्सएलएस' हा पॅटर्न ('*' म्हणजे कोणतंही नाव) बरोबर आहे. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामिंगची चौकट) गेटफाइल्स या फायलींची यादी देणाऱ्या मेथडला नेमकं तीन अक्षरी एक्स्टेन्शन दिलं की त्याने सुरू होणारी लांब एक्स्टेन्शनंही जुळतात. शिवाय विंडोज फायलींना देतं त्या ८.३ छोट्या नावांशीही (आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी एक्स्टेन्शन) तुलना होते. त्या नावांत बहुधा '~१' असतं, म्हणून '*१*.टीएक्सटी' भलत्याच फायली उचलू शकतो. ड्राइव्हवर छोटी नावं बंद असली तर हा दुसरा त्रास नाही, त्यामुळे तोच कोड एका मशीनवर चालतो, दुसऱ्यावर फसतो.

पॅटर्नवर विसंबूच नका. मिळालेल्या प्रत्येक नावावर पाथ.गेटएक्स्टेन्शन (नावातलं एक्स्टेन्शन काढून देणारी मेथड) लावा आणि तुलना ऑर्डिनलइग्नोरकेसने (लहान-मोठ्या अक्षरांतला फरक न मानता) करा, नाहीतर मोठ्या अक्षरांतलं एक्स्टेन्शन निसटेल. फायली हजारोंनी असतील तर गेटफाइल्सऐवजी एन्युमरेटफाइल्स घ्या, ती नावं एकेक करून देते, पूर्ण यादी भरेपर्यंत थांबावं लागत नाही. डॉट नेट कोअरमध्ये (डॉट नेटची नंतरची आवृत्ती) तीन अक्षरांचा हा प्रकार राहिलेला नाही.