शब्दचर्चा : नैसर्गिक कायदा, नैसर्गिक न्याय आणि ‘हक्क’ (बोलणारे आपापल्या गावाच्या नावानं)

खानापूर : ‘नैसर्गिक कायदा’ आणि ‘नैसर्गिक न्याय’ एकच का? अपिलात वकील ‘नैसर्गिक न्याय’ लिहितात.

बेळगाव : एक नव्हेत. नैसर्गिक न्याय ही सुनावणीची रीत. दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या, स्वतःच्या भांडणात स्वतःच निवाडा करू नका. तहसीलदारांनी नोटीस न देता वादातली नोंद फिरवली, तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या अपिलात ती तेवढ्यावरच रद्द होऊ शकते; जमीन कुणाची, तिथवर जावंही लागत नाही. नैसर्गिक कायदा मात्र, रोमन विचारवंत सिसेरो आणि मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनस मानत तसा, सरकारी कायद्याच्या आधीचा आणि माणसाच्या विवेकाला उमगणारा. ‘निसर्गनियम’ म्हणू नका, तो गुरुत्वाकर्षणाला राहू द्या. दगडाला नियम मोडता येत नाही. माणूस मोडतो, तरी हा कायदा उरतोच.

निपाणी : मग ‘मानवी हक्क’ की हिंदीसारखं ‘मानवाधिकार’?

बेळगाव : हक्क. अधिकार खुर्चीला चिकटलेला असतो, बदली झाली की संपला. ‘हक्क’ अरबीतून आला, मुळात अर्थ ‘सत्य, रास्त’. कन्नडातही ‘मानव हक्कुगळु’च. आपल्याकडे उताऱ्याचं उदाहरण पुरे. पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, नाव चढल्यानं मालकी निर्माण होत नाही, असलेल्या मालकीची ती नोंद. नैसर्गिक हक्क मानणाऱ्यांच्या लेखी घटनेचा भाग 3, म्हणजे मूलभूत हक्कांचा भाग, हा असाच उतारा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या गोलकनाथ निकालात सरन्यायाधीश सुब्बा रावांनी मूलभूत हक्कांना नैसर्गिक हक्कांचंच आधुनिक नाव म्हटलं.

शहापूर : उपमा लंगडी आहे हो. उताऱ्याशिवाय सोसायटी पीककर्ज देते का? इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमनं नैसर्गिक हक्कांना निरर्थक बडबड म्हटलं ते याचसाठी. 1976 मध्ये, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयानंही चार विरुद्ध एक असं ठरवलं की जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम 21 ची दाद स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात जाता येणार नाही.

बेळगाव : तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही हे तत्त्व घटनेच्या आधीचं, असं त्यांनी लिहिलं. खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं ते बहुमत मोडीत काढलं. त्यातले अर्जदार पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती.

खानापूर : मग निवेदनात ‘मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा हक्क’ लिहिलं तर?

बेळगाव : मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दलच्या कलम 350क चा आधार देणार असाल तर नको. ते मूलभूत हक्कांच्या भाग 3 मधलं नाही, भाग 17 मधलं, आणि त्यात ‘हक्क’ नव्हे, ‘पुरेशा सोयी’ असे शब्द आहेत. ‘हक्क’ लिहायचा तर भाषा जतन करण्याचा लिहा, भाग 3 मधलं कलम 29 दाखवून.