प्रोव्होत सहा आठवड्यांत स्पॅनिश कशी बसवायची?

प्रश्न: अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्रोव्हो प्रशिक्षण केंद्रात मॉर्मन मिशनरींना (मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या धर्मप्रचारकांना) स्पॅनिशसाठी साधारण ६ आठवडे मिळतात, मँडरिन म्हणजे चिनीसाठी ९. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर १: प्रार्थनेपासून. चारच तुकडे पाठ करा: संबोधन, आभार, मागणं, समाप्ती. 'ते दामोस ग्रासियास पोर' (आम्ही तुझे आभार मानतो, यासाठी) तसंच ठेवून पुढचं नाम रोज बदला: आज कुटुंब, उद्या जेवण. वाक्यरचना आपोआप तोंडात बसते.

उत्तर २: घात करतो तो कागद. लोकांना शिकवायचा अख्खा धडा लिहून नेला, तर समोरच्याने मध्येच काही विचारलं की गाडी अडलीच. कागदावर पाच शब्द पुरेत.

उत्तर ३: मँडरिनवाल्यांनो, सुराशिवाय एकही शब्द पाठ करू नका. 'मा' पहिल्या सुरात आई, तिसऱ्यात घोडा! जोडीचा मिशनरी कायम सोबत असतोच, जेवणाच्या रांगेतही त्याच भाषेत बोला.