टीव्हीचा वेळ धावण्याच्या सरावाकडे कसा वळवावा?

नवधावक (प्रश्न)
नमस्कार. पुढील वर्षी अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटर, धावण्याचा माझा मानस आहे. सध्या चार-पाच किलोमीटर न थांबता धावता येते, त्यापुढे दम लागतो. खरी अडचण वेळेची आहे. नोकरी आणि घरकाम उरकून रात्री जेवणानंतर मी टीव्हीसमोर बसते आणि एक भाग पाहून उठायचे असे ठरवूनही दोन-अडीच तास निघून जातात. मग झोपायला उशीर होतो आणि पहाटे गजर बंद करून पुन्हा डोळा लागतो. टीव्ही पूर्ण बंद करावा असे वाटत नाही, कारण घरातील सर्वांची एकत्र बसण्याची तीच वेळ असते. आठवड्याला किती सराव पुरतो आणि त्यासाठी आपण वेळ कसा काढला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दीर्घपल्ला
आधी किती वेळ लागतो ते पाहू, कारण पुष्कळ जण तो अवास्तव धरतात आणि सुरुवातच करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आरोग्यासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा. अर्धमॅरेथॉन पूर्ण करण्याच्या तयारीला याहून फार जास्त वेळ लागत नाही. तीन दिवस पाऊण-पाऊण तास आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब धाव, जी काही महिन्यांत हळूहळू दोन तासांपर्यंत न्यावी, एवढ्यावर नवख्या धावकाचे काम भागते.

बहुतेक धावणे मात्र अशा वेगाने व्हावे, की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. हा वेग सुरुवातीला इतका संथ वाटतो की आपण व्यायाम करत आहोत यावर विश्वासच बसत नाही; पण याच संथ धावण्याने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते. आपल्याला पाचव्या किलोमीटरला दम लागतो याचे कारण बहुधा वेग हेच असावे. श्वास चढला की चालावे आणि तो स्थिरावला की पुन्हा धावू लागावे.

पहाटफेरी
सकाळचा सराव आदल्या रात्रीच ठरतो, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे गजराशी झगडण्यापेक्षा टीव्ही बंद करण्याची वेळ पक्की करावी. आमच्या घरी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आम्ही सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. आता भाग संपला की पडदा तिथेच थांबतो, पुढचा लावायचा तर कोणाला तरी रिमोट उचलावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत कोणीतरी उठून दिवा लावतेच. एकत्र बसणेही टिकले आणि रात्रही लांबत नाही. झोपेत मात्र काटछाट करू नये. सात तासांची झोप मोडून केलेला सराव फार काळ चालत नाही.

व्यायाम केला की कितीही टीव्ही पाहिला तरी चालतो, असा समज असल्यास एक गोष्ट नमूद करतो. २०१६ साली 'द लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ बसण्याशी निगडित मृत्यूची वाढीव जोखीम जवळजवळ दिसेनाशी झाली. परंतु खूप टीव्ही पाहण्याशी निगडित जोखीम कमी झाली तरी नाहीशी झाली नाही. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास असल्याने टीव्ही हेच कारण, असे म्हणता येत नाही. तरीही विचार करावा असा हा निष्कर्ष आहे.

दोन चाके
टीव्ही आणि सराव यांत नेहमी एकच निवडावे लागते असे मला वाटत नाही. मी टीव्ही पाहत स्थिर सायकल चालवते आणि हलक्या सरावासाठी ती उत्तम आहे, कारण त्यात लक्ष वेगावर ठेवावे लागत नाही. मात्र हृदय आणि फुप्फुसे लवकर सरावतात, तर हाडे व स्नायुबंध सावकाश. पावलाचा आघात सोसण्याची त्यांची तयारी धावण्यातूनच होते. म्हणून आठवड्यातील एखादीच धाव सायकलवर न्यावी, लांब धाव कधीही नाही.

नवधावक
सर्वांचे मनापासून आभार. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आजच बंद करते. कामाच्या गर्दीत एखादा आठवडा सराव पूर्ण बुडाला, तर तो भरून कसा काढावा?

दीर्घपल्ला
भरून काढू नये. आठवडाभराच्या खंडाने सहनशक्ती फारशी घटत नाही, पण बुडालेले अंतर पुढच्या आठवड्यात जोडल्यास नडगी आणि गुडघे दुखावण्याची शक्यता वाढते. पहिली धाव थोडी छोटी ठेवावी आणि मग ठरलेल्या वेळापत्रकावर यावे.