अनुदान हवे असेल तर कर्ज घ्यायलाच हवे, ही अट न्याय्य आहे का?

मूळ मुद्दा (कोकम उत्पादक, सिंधुदुर्ग)

गेली नऊ वर्षे मी घरच्या पडवीत आमसुले, आगळ आणि सरबत करून विकते. रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमका तेव्हाच वळवाचा पाऊस येऊन उन्हात घातलेली आमसुले काळी पडतात. म्हणून वाळवणी यंत्र आणि बाटल्या भरण्याचे यंत्र घ्यायचे ठरवले. दोन्हींचा खर्च 6 लाख रुपये आहे आणि माझ्याकडे साठवलेले 4 लाख आहेत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळते, म्हणजे मला 2 लाख 10 हजार मिळाले असते आणि एक रुपयाही उसना न घेता काम झाले असते. परंतु हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले असल्यामुळे कर्ज न घेणाऱ्याला ते मिळत नाही. ज्या बाईने काटकसरीने पैसा जमवला तिला सरकार दारातूनच परत पाठवते, याला प्रोत्साहन कसे म्हणायचे?

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

आपली तळमळ मला समजते, परंतु अट काढून टाकावी हे मला मान्य नाही. अनुदान थेट हातात पडले तर यंत्र खरोखर आले का, ते चालते का, माल विकला जातो का, हे पाहायला कोणीच उरत नाही. केवळ कोटेशन आणि बिले जोडून रक्कम उचलण्याचे प्रकार मी नोकरीत असताना पाहिले आहेत. या योजनेत अनुदान कर्जखात्याच्या जोडखात्यात तीन वर्षे ठेवले जाते, आणि परतफेड नियमित असून उद्योग चालू असेल तरच ते कर्जात वळते होते. करदात्याच्या पैशाला एवढे संरक्षण हवेच. शिवाय स्वतःचा वाटा ‘किमान’ 10 टक्के असा आहे, त्याहून अधिक घालायला हरकत नाही. आपण साडेतीन लाख घालून अडीच लाखांचेच कर्ज मागावे, म्हणजे अनुदान वळते झाल्यावर डोक्यावर फारसे काही राहणार नाही.

प्रतिसाद (आंबा प्रक्रिया उद्योजक, रत्नागिरी)

वरील सल्ला मला धोक्याचा वाटतो. साडेतीन लाख यंत्रात अडकले तर रातांबे कशाने घेणार? आपला हंगाम दीड-दोन महिन्यांचा. फळ रोखीने घ्यावे लागते आणि त्याचा पैसा वर्षभर बाटली-बाटलीने परत येतो. अनुदान यंत्रसामग्रीसाठी आहे, खेळत्या भांडवलाची सोय ते करत नाही. छोटे उद्योग यंत्राअभावी बंद पडताना मी कमी पाहिले, हंगामात हातात पैसा नसल्यामुळे बंद पडताना पुष्कळ. म्हणून आपला वाटा 60 हजारच ठेवावा, 5 लाख 40 हजारांचे कर्ज घ्यावे आणि उरलेली बचत फळासाठी राखावी. व्याज जाईल, हे खरे. पण ऐन मे महिन्यात सावकाराकडून उचललेल्या रकमेपेक्षा ते निश्चित कमी असते.

प्रतिसाद (बचत गट प्रेरिका, कुडाळ)

दोघांनीही बँक कर्ज देईलच असे धरले आहे. आमच्या गटातील एका सदस्येचे प्रकरण एका शाखेत चार महिने पडून राहिले, कारण घर सासऱ्यांच्या नावावर आणि विक्रीचा हिशेब वहीत पेन्सिलीने लिहिलेला. तिचा धंदा चांगला चालतो, तरीही कागदावर तो दिसत नाही, आणि कर्जाची अट अशाच बायकांना बाहेर ठेवते. याच योजनेत बचत गटातील अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल मिळते आणि त्यातून छोटी अवजारे व फळाची खरेदी भागते, म्हणजे बँकेच्या उंबरठ्याबाहेरही मदत पोहोचवता येते हे सरकारलाही ठाऊक आहे. तो मार्ग एकट्या उत्पादकालाही खुला का असू नये?

अर्जाविषयी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे एका मध्यस्थाने अनुदानाच्या दहा टक्के मागितले होते. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीची चौकशी करावी. अर्ज, प्रकल्प अहवाल आणि बँकेचा पाठपुरावा यांसाठी तिचे मानधन सरकार देते, अर्जदाराने काहीही द्यायचे नसते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तीही मोफत होते.

मूळ मुद्दा मांडणारीचे उत्तर

फळाच्या पैशाचा मुद्दा मला पटला. तो हिशेब मी केलाच नव्हता. तरीही कर्जाच्या अटीबद्दलचे माझे मत बदललेले नाही. यंत्र चालते की नाही हे पाहायचे असेल तर कृषी विभागाचा माणूस तीन वर्षे पाहणीला येऊ शकतो आणि तोवर रक्कम माझ्या नावे गोठवूनही ठेवता येते; त्यासाठी माझ्यावर कर्ज असण्याची गरज नाही. यंत्राचा विसार मात्र मी अजून दिलेला नाही, आणि कर्ज मंजूर होण्यापूर्वी देणारही नाही, कारण आधी झालेली खरेदी प्रकल्पखर्चात धरली जात नाही असे मला सांगण्यात आले आहे. सोमवारी वही घेऊन कृषी कार्यालयात जाते.