विषय: डिसेंबरातील खानदेश मुक्काम आणि मुलांसाठी संग्रहालये

प्रेषक: सु. पा., बॉस्टन

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

अलीकडेच आम्ही शेजारच्या कुटुंबांसह बॉस्टनचे चिल्ड्रन्स म्युझियम पाहून आलो. क्योटो शहराने भेट दिलेले एक जुने व्यापारी घर तिथे जसेच्या तसे उभारलेले आहे. बूट काढून त्या घरात शिरलेली मुले बाहेर यायला तयार होईनात, आणि त्यांना काढता काढता आम्हां मोठ्यांच्या नाकी नऊ आले. नाताळच्या सुट्टीत आम्ही भुसावळला सासरी येत आहोत. मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची आहे. त्या भागात मुलांना असे काही दाखवता येईल का, हे कृपया जाणकारांनी कळवावे.

---

प्रेषक: वि. चौ., सध्या मुक्काम जुने जळगाव

प्रिय सु., अनेक आशीर्वाद.

1913 पासून चालत आलेल्या बॉस्टनच्या तोडीचे, केवळ मुलांसाठी बांधलेले संग्रहालय खानदेशात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र काचेच्या कपाटातली वस्तू मुलांच्या हाती द्यावी, हा जो पायंडा तिथले संचालक मायकेल स्पॉक यांनी 1960 च्या दशकात तिथे पाडला, तो मनात धरून इथली ठिकाणे निवडलीस, तर तुझी मुले कंटाळणार नाहीत.

जळगावच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थ या गांधीजींवरील संग्रहालयाचे उद्घाटन मार्च 2012 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्या मूळच्या जळगावच्याच. दालने प्रशस्त आहेत आणि मांडणी आधुनिक आहे, पण पाच वर्षांच्या मुलीला सगळी दालने दाखवण्याचा हट्ट धरू नये. मोठ्याला दांडीयात्रा कळेल, धाकटीला कळणार नाही, आणि त्यात बिघडत काहीच नाही. आम्ही गल्लीतली मुले बरोबर नेली होती. त्यांपैकी एकाच्या मामाचे गाव फैजपूर आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर 1936 मध्ये तिथेच झाले, अध्यक्ष नेहरू होते, आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून सारी सजावट उभी केली, हे मी सांगितल्यावर त्या मुलाने उरलेला वेळ प्रत्येक छायाचित्रात मामाचे घर शोधण्यात घालवला. माझ्या मते संग्रहालय पाहण्याची ती उत्तम रीत होय.

पण तुझ्या त्या जपानी घराला खरे उत्तर आमच्या जुन्या जळगावातच आहे. बहिणाबाईंचा चौधरी वाडा आता स्मारक झाला आहे, आणि त्यांच्या नित्य वापरातल्या वस्तू व शेतीची अवजारे तिथे जपून ठेवलेली आहेत. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवल्या आणि ती गेल्यानंतर 1952 मध्ये त्या छापल्या गेल्या, एवढे मुलांना आधी सांगून ठेव. गांधीतीर्थातले पडदे हाताळण्यात आमची परदेशातून आलेली मुले पुढे होती, तर वाड्यात गल्लीतली मुले गुरुजी झाली, कारण सूप, पाभर आणि जाते त्यांनी आपापल्या आजोळी पाहिलेले होते. परतल्यावर शेजारच्या आजींनी त्यांचे दगडी जाते अंगणात काढले. माझ्या नातीने खुंटा धरून जोर लावला, पण जाते हलेना. तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, "दोघं मिळून फिरवाचं असतं भो," आणि समोर बसून त्याने तोच खुंटा धरला. आजी वरून मुठीमुठीने हरभरे सोडत राहिल्या आणि भरड पडू लागली. त्यातले निम्मे अंगणभर सांडले, ते निराळे.

एक गोष्ट मात्र कर. आपल्या मुलांना लांब सुट्टी असली, तरी इथल्या बहुतेक शाळा नाताळात फक्त 25 तारखेला बंद असतात. तो दिवस किंवा रविवार धरलास, तरच गल्लीतली मुले बरोबर येतील. त्यांच्यावाचून केलेली सहल म्हणजे दुसरे पर्यटन, आणि ते तर तुम्ही जगभर करताच.

---

प्रेषक: मा. दे., न्यू जर्सी

सस्नेह नमस्कार.

ताईंच्या यादीत चाळीसगावची भर घालतो. मुंबईहून रेल्वेने येणार असाल तर ते वाटेतच लागते. स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांचे घर आहे, आणि आता तेच त्यांचे कलादालन आहे. टेबलावर रोजच्या साध्या वस्तूंची मांडणी करून, प्रकाश असा टाकून की पाहणाऱ्याला खरेखुरे निसर्गदृश्य वाटावे, अशी छायाचित्रे ते घेत असत. आठ वर्षांच्या मुलाला चित्रातले पाहून आधी ओळखायला सांगावे, मग उत्तर द्यावे. पाच वर्षांच्या मुलीसाठी मात्र मी तिथे फार वेळ ठेवणार नाही.

---

प्रेषक: सु. पा.

वि. ताई आणि मा. दे., दोघांचेही मनःपूर्वक आभार.

25 तारीख निश्चित करते. सकाळी चौधरी वाडा आणि दुपारनंतर गांधीतीर्थाची मोजकी दालने, असा क्रम धरला आहे. चाळीसगाव परतीच्या प्रवासात, तेही मुलगा आणि त्याचे बाबा एवढेच. सासरच्या गल्लीतली मुले धरून मोठी क्रूझर गाडी सांगावी लागेल. दुपारचे जेवण शेतात करावे, असे सासूबाई म्हणतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या घरून न्यायच्या, इतपत त्यांनी ठरवूनही टाकले आहे. वि. ताई, त्या आजींचे जाते त्या दिवशी आमच्यासाठी पुन्हा अंगणात निघू शकेल का, तेवढे विचारून कळवावे. हरभरे आम्ही आणू.