जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनात ठोका: नोझल की रॉडचे बेअरिंग?

वरूडचा बागायतदार

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००६ सालची चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे. तिचा डिझेल पंप जुन्या यांत्रिक पद्धतीचा आहे, कॉमन रेल (एकाच नळीत अतिदाबाने डिझेल साठवून सगळ्या नोझलना देणारी नवी पद्धत) नाही. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे क्रेट भरून काटोलमार्गे नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात जाणे हेच तिचे मुख्य काम. गेल्या काही दिवसांपासून इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका ऐकू येतो. सकाळी थंड इंजिनावर तो मोठा असतो आणि त्या वेळी पांढरट धूरही येतो. इंजिन तापल्यावर ठोका कमी होतो, पण भरल्या गाडीने चढ घेताना पुन्हा वाढतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की जवळजवळ बंद होतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून झाले, फरक पडला नाही. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे की रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाजतो आहे, इंजिन उतरवावे लागेल. ऐन हंगामात तो खर्च आणि खोळंबा दोन्ही परवडणारे नाहीत. इंजिन ऑइल मात्र अजिबात पीत नाही, उलट ऑइल मोजायच्या दांडीवर पातळी वरच्या खुणेच्याही थोडी वरच दिसते. अलीकडे गरम इंजिन स्लोवर असताना ऑइलचा दिवा अधूनमधून लुकलुकतो. इंजिन उघडण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

हिंगणघाट रोड

भाऊ, एक ग्रेड जाड ऑइल भरा, हंगाम निघून जाईल. आमच्या कापसाच्या गाडीला हाच उपाय केला होता, आवाज बराच दबला.

अचलपूर गॅरेज

जाड ऑइलाने आवाज दबतो हे खरे, पण त्याने निदान होत नाही, आणि या गाडीच्या बाबतीत तर तो उपाय महागात पडेल. बागायतदार भाऊ, तुम्ही जे कौतुकाने लिहिले आहे तेच मला सर्वांत जास्त खटकते. एवढे चाललेले इंजिन थोडेतरी ऑइल खातेच. न भरता पातळी वर चढत असेल, तर चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) दुसरे काहीतरी उतरते आहे. ते पाणी असते तर ऑइल दुधाळ झाले असते, म्हणून पहिला संशय डिझेलचा. दांडी पुसून वास घ्या आणि एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून काही वेळ ठेवा. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे दूरवर पसरले, तर डिझेल मिसळले आहे असे समजायला हरकत नाही.

असे झाले असेल तर तुमची सगळी लक्षणे एका धाग्यात बसतात. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळत असेल तर डिझेलचा फवारा न होता थेंब पडतात, ते उशिरा आणि एकदम पेटतात, म्हणून ठोका बसतो. थंड इंजिनात हा उशीर वाढतो, म्हणून सकाळी आवाज मोठा आणि धूर पांढरा. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. पातळ ऑइलाला गरम झाल्यावर दाब धरता येत नाही, म्हणून दिवा लुकलुकतो. त्यामुळे ठोका नोझलचा असला तरी बेअरिंगही धोक्यात आहे. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत भरलेली गाडी अजिबात चालवू नका. पातळी फार वाढली तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल ओढले जाऊन डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर रेस पकडते आणि चावीने बंद होत नाही.

आता सिलिंडर शोधा. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलचा पाइप नट पान्याने थोडा सैल करा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. कॉमन रेल गाडीवर हा प्रयोग कधीही करायचा नाही, तिथला दाब जीवघेणा असतो. ज्या नटाला ठोका थांबतो, तो सिलिंडर दोषी. पुष्कळ मिस्त्री इथेच थांबतात आणि रॉड गेला असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः त्या सिलिंडरचे डिझेल बंद झाले की रॉडवरचा भारही जातो, त्यामुळे ठोका नोझलचा असो वा बेअरिंगचा, दोन्ही वेळी आवाज कमीच होणार. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची आहे: त्या सिलिंडरचे नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचे इकडे आणा. ठोका नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचा; जागेवरच राहिला तर रॉड, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) किंवा पिस्टन. नोझलखाली त्याच जाडीचा नवा तांब्याचा वायसर घाला आणि जुना वायसर आत चिकटून राहिलेला नाही हे टॉर्चने पाहा.

मोर्शी चालक

वरील पद्धत योग्य आहे, पण त्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी करावी असे सुचवतो. बऱ्याच पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो आणि तो झिजला की अगदी इंजिनासारखाच ठोकतो. पट्टा काढून इंजिन थोडा वेळच चालवून पाहावे, कारण पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर क्लच प्लेटच्या स्प्रिंगांकडे किंवा फ्लायव्हीलच्या बोल्टांकडे पाहावे.

वरूडचा बागायतदार

सर्वांचे आभार. पट्टा काढून आणि क्लच दाबून पाहिले, आवाजात फरक नाही. कागदावर कडे स्पष्ट उमटले आणि दांडीला डिझेलचा वासही येतो. तिसऱ्या सिलिंडरचा नट सैल करताच ठोका थांबला. ते नोझल दुसऱ्याला लावल्यावर ठोका दुसऱ्यावर गेला. टेस्टरवर ते नोझल फवारा न करता धार सोडत होते, दाब पूर्ण येण्याआधीच टोकाला थेंब लोंबत होता. नवे नोझल, नवे ऑइल आणि फिल्टर घातल्यावर मोठा ठोका गेला. दिवा लुकलुकत नाही. चढावर मात्र कान देऊन ऐकल्यास थोडी टकटक अजून जाणवते.

अचलपूर गॅरेज

मग चेंबर उतरवून तिसऱ्या रॉडची कॅप तेवढी सोडवून घ्या. त्यासाठी इंजिन गाडीतून काढावे लागत नाही. बेअरिंगचा राखाडी थर शाबूत असेल तर तसेच बसवा, कॅपचे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचनेच कसा. तांबे दिसू लागले असेल तर चारही रॉडची बेअरिंगे बदला, पण आधी क्रँकचे जर्नल (रॉडचे बेअरिंग बसते तो गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्या. ते ओव्हल झाले असेल तर नवे बेअरिंग टिकत नाही आणि क्रँक ग्राइंड करून टेन किंवा ट्वेन्टी साईज (घासलेल्या क्रँकसाठीचे जाड बेअरिंग) घालावी लागते. हे काम संत्र्यांचा शेवटचा फेरा झाल्यावर केले तरी चालेल, मात्र तोवर दर भरण्याआधी दांडी पाहत जा. पातळी पुन्हा चढू लागली, तर पंपाच्या शाफ्टचे सील आणि फीड पंप हे दोन पुढचे संशयित आहेत.